चिमणी पडेपर्यंत

(जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं शहर, त्यात बोटभर उंचीची रंगवलेली माणसं, वर पिंजलेल्या कापसाचं धुकं. दाराशी भरलेली बॅग.)

दादा : बाही सांभाळ! राणीचा पूल पाडशील.

धाकटी : पाडायला तूच आलायस ना फौज घेऊन? मी तर शहर राखतेय.

दादा : पाडायचा तर फासा टाकून पाडीन, बाहीने नाही. काही रीत असते.

वहिनी : रीत म्हणे! टेबलावर यांची स्वारी, आणि घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवताहेत. आणि आमची स्वारी उठणार कधी? हॉस्पिटलात संध्याकाळच्या आत यायला सांगितलंय.

दादा : गाडी तर येऊ दे. तेवढ्यात मोहीम संपवतो.

धाकटी : संपवायची कशाला? ऑपरेशन होऊन घरी आलास की खेळू.

दादा : नको. अर्धवट टाकून जाववत नाही.

वहिनी : भावाबहिणीचे केस पिकले, खेळ काही संपला नाही. चालू द्या. मी स्वेटर शोधते तुमचा.

दादा : गेली? बरं, ही बघ निघाली माझी फौज. लोखंडी कोळी, आठ पाय, पोटात धगधगता कोळसा. धुक्यात दिसत काहीच नाही, नुसता वाफेचा फुसकारा आणि पाय टेकल्याचा आवाज. गॅसचे दिवे थरथरताहेत. वर उडतं जहाज येऊन थांबलंय. उंच टोपीवाले साहेब घोडागाड्या टाकून पळत सुटलेत.

धाकटी : माझा दिवेवाला नाही पळत.

दादा : अगं, त्याच्याकडे बंदूकसुद्धा नाही. काठी आहे नुसती.

धाकटी : असू दे. सगळे दिवे लागल्याशिवाय तो घरी जात नाही.

दादा : काल स्वप्नात भेटला तो मला.

धाकटी : दिवेवाला?

दादा : हो. मी ह्याच पुलावर उभा होतो. शहर माझ्याएवढं झालं होतं की मीच बोटाएवढा झालो होतो, कळेना. धुक्याला हात लावला तर कापूसच. इतकं शांत होतं सगळं, की निघावंसंच वाटेना. हा काठी घेऊन आला आणि म्हणाला, साहेब, पुढे जाऊ नका, पुढचं अजून रंगवलेलं नाही.

धाकटी : मग?

दादा : मग काय, जाग आली.

धाकटी : आली ना? झालं तर. टाक फासा.

दादा : सहा! कोळी पुलावर चढला. तुझा दिवेवाला मे...

धाकटी : ए!

दादा : झोपला. बरं बाई, झोपला.

धाकटी : आपल्यात कुणी मरत नाही. ठरलंय.

दादा : तू भोकाड पसरायचीस म्हणून ठरलं. पहिला शिपाई पडला त्या दिवशी जेवली नव्हतीस.

धाकटी : आणि धुकं उठलं की झोपलेले सगळे उठतात. हेही ठरलंय.

दादा : उद्या मलाही झोपवणार आहेत. डॉक्टर अगदी असंच म्हणाले. काही कळणार नाही, छान झोप लागेल. तिथलं धुकं कोण उठवतं गं?

धाकटी : दादा.

दादा : भीती वाटतेय मला. तुझ्या वहिनीला बोललो नाही. एकेक शिपाई फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवला, टेबल पुसून तिच्या हवाली केलं, की मी मोकळा. मागाहून तिला हे सगळं एकटीनं आवरावं लागू नये.

धाकटी : ...टाक फासा.

दादा : पुन्हा सहा! गिरणीची चिमणी गेली. शेवटचीच होती. शहर पडलं, हरलीस तू.

धाकटी : मनोऱ्यावर बघ. चिमणी आहे.

दादा : तुझी ती मातीची? सकाळीच गुंडाळली. खोक्याच्या तळाशी आहे. मला ठाऊक होतं, शेवटी तू तिलाच पुढे करणार.

धाकटी : लबाड! तूच नियम सांगितलास, शेवटची चिमणी उभी आहे तोवर शहर पडत नाही. मी कुठे गिरणी पाहिली होती तेव्हा? चोच, शेपटी, सगळं केलं आणि ठेवली मनोऱ्यावर.

दादा : मी हसून हसून खुर्चीवरून पडलो होतो. तेव्हापासून तुझं नावच चिमणी.

धाकटी : अजून म्हणतोस?

दादा : मग? डेपोत सगळे तुला मॅडम म्हणतात. एवढी मोठी बस चालवणाऱ्या बाईला चिमणी म्हणायला एकच माणूस उरलाय.

धाकटी : मग ही बघ, मी उभी राहिले. पाड मला.

दादा : हा रडीचा डाव झाला.

धाकटी : चिमणी मातीचीच हवी असं कुठे ठरलंय? मी उभी आहे, म्हणजे शहर उभं आहे. आता डाव माझा. आणि मी आज खेळणार नाही. तू घरी आलास की खेळेन.

दादा : आणि नाही आलो तर?

धाकटी : तर अशीच उभी राहीन. पाय मोडून आले तरी बसणार नाही. बहिणीला इतकं ताटकळत ठेवशील?

दादा : हट्टी आहेस.

धाकटी : तुझ्यावर गेलेय.

दादा : रडू नकोस गं. बरं. डाव तुझा. पण टेबलाचं काय? तिला शब्द दिला होता मी.

वहिनी : गाडी आली, उठा. आणि हे काय, कापूस का गोळा करताय?

दादा : टेबल मोकळं करून देतो तुला.

वहिनी : हात लावू नका. राहू दे तसंच. मांडीवर ताट घेऊन जेवायची सवय झालीय मला.