रिकामा खिळा

नाही हो ताई, तो फोटो चिटणिसाचा नाही, चिटणीस मी — तो शिंपी. संस्थेचा इतिहास लिहायला जो येतो तो आधी त्याच्याच फोटोपुढे उभा राहतो, तुमचा काय दोष. या पाटीचं विचारत होतात ना? घ्या लिहून. बोटीतून उतरलो तेव्हा इथे आमचं होतं कोण? कोणी नाही. म्हणून पहिला नियम — आजारी सभासद एकटा पडता कामा नये. प्रत्येकाच्या नावाचा पितळी बिल्ला खाली आपापल्या खिळ्यावर, आज ज्याची पाळी त्याचा बिल्ला वरच्या खिळ्यावर, त्यानं कामावरून सुटलं की आजाऱ्याशेजारी जाऊन बसायचं. नियम माझा, पाटी माझी, चाळीस वर्षं बिल्ले मी लावले — आणि आजारी माणूस विचारणार काय? शिंपी कधी येणार? करायचा काय तो, सांगा बरं — औषध देत नव्हता, धड बोलतही नव्हता, नुसता कुणाचा तरी फाटका शर्ट मांडीवर घेऊन टाके घालत बसायचा. मी संत्री न्यायचो, पेपर वाचून दाखवायचो. लोक डोळे मिटून घ्यायचे.

जळायचो, हो. या वयात आता लपवायचं काय — पण ते लिहू नका.

खाली तो रिकामा खिळा? तो त्याचाच. बिल्ला हरवला. कधी म्हणजे — आमची ही आजारी पडली तेव्हा. तिसऱ्या दिवशी मला म्हणते कशी, "शिंपीभाऊजींना पाठवा ना एकदा." नवरा उशाशी बसलाय, आणि हिला भाऊजी हवेत. म्हटलं, परगावी गेलाय तो. अकरा दिवस रोज दुसराच कुणाचा बिल्ला लावला मी. दार वाजलं की मान वळवायची, बघायची, की परत भिंतीकडे तोंड. शिंपी दोन गल्ल्या सोडून होता हो — पण पाळीशिवाय जायचं नाही, हाही नियम माझाच. तिला स्मशानात न्यायच्या दिवशी आला, माझ्या कोटाचं लोंबणारं बटण उभ्या उभ्या शिवून दिलं, म्हणाला, "माझी पाळी आलीच नाही, चिटणीस." तेवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही, मरेपर्यंत.

हा बघा तो बिल्ला. खिशात राहून राहून अक्षरं झिजली त्याच्यावरची — नाही, नाही, खिळ्यावर नका लावू. आणा इकडे. आणि वही मिटा ताई, मला कुलूप लावायचंय.