क्रेनचालकाच्या हातातला मोबाइल

सकाळचे अकरा. वृत्तवाहिनीची ग्राफिक्सची खोली, एसी चालू, पडदे ओढलेले, आणि समोर स्क्रीनवर एक मेलेला माणूस मोबाइल बघत बसलाय! तुम्हाला सांगतो, बातमीदारीत केस पिकले, मेलेल्यावर आळ घेणारे ढिगानं पाहिले, पण त्याच्या हातात पुरावा कोंबून वर उजेड पाडणारे हेच पहिले! अहो, बांधकामावरची क्रेन कोसळली, चालक जागीच गेला. तारेचे पदर सुटलेत, असं आदल्या दिवशी तोच बिचारा कानीकपाळी ओरडत होता. सोबतच्या कामगारांनी ऐकलं, मी बातमीत लिहून दिलं... आणि हे काय? तार चांदीसारखी गुळगुळीत, चालक मोबाइलमध्ये डोकं घालून, क्रेन धाडकन खाली! सावली मात्र अगदी बरोबर पडलेली.

"अगं बाई, हा मोबाइल आला कुठून?"

ग्राफिक्सवाली माझ्या लेकीच्या वयाची, जागून डोळे तांबारलेले. म्हणते कशी, "काका, रेडीमेड मॉडेल आहे. माणूस मोबाइलसकटच येतो."

मोबाइलसकट येतो! आईच्या पोटातून का?

"मग काढ ना तो!"

"काढून पाहिला हो. बोटं तशीच आखडलेली राहतात, विचित्र दिसतं. सांधे नव्यानं बसवायला वेळ कुठाय? साहेबांना बुलेटिनला हवं होतं."

बरं, तार? तर तारेचा एकेक पदर सुटा दाखवायचा म्हणजे कॉम्प्युटरला रंगवून काढायला दिवस लागला असता म्हणे! "पण काका, कपाळावरचा घाम बघा ना, थेंबाथेंबात खिडकी दिसते."

दिसत होती हो, खोटं कशाला बोलू? थेंबात खिडकी, खिडकीत आभाळ, आभाळात ढग... आणि सावली? अगदी बरोबर पडलेली!

तरातरा संपादकांकडे गेलो. संपादकांचा आवाज म्हणजे मधात बुडवलेली सुरी. "अहो, चिडताय काय? खाली 'काल्पनिक चित्रण' असं लिहिलंय की."

"साहेब, त्यावरून हवामानाची पट्टी धावतेय!"

"मग? हवामान नको का लोकांना?"

घ्या!

जागेवर येऊन टेकतो न टेकतो तोच फोन. चालकाची बायको. रडत नव्हती, तेच जास्त लागलं. "भाऊ, मी त्यांच्याच फोनवरून बोलतेय. त्या दिवशी तो घरीच राहिला होता, चार्जिंगला. टीव्ही बघून पोरगी विचारतेय, बाबांकडे दुसरा फोन होता का? तिला काय सांगू?"

तुम्हाला सांगतो, एवढी वर्षं मीच लोकांना प्रश्न विचारत आलो... त्या दिवशी त्या पोरीचा प्रश्न वहीत उतरवून घेतला.

पुढचं ऐका. चौकशी समितीनं ती चित्रफीतच मागवली! अहवालात चित्र छापलं, खाली ओळ : 'चालक मोबाइल पाहत असल्याचे स्पष्ट दिसते.' मी समितीच्या साहेबांना गाठलं. म्हटलं, "अहो, हा फोटो नाही, हे कॉम्प्युटरवर बनवलंय! त्याचा फोन घरी होता, बायको सांगतेय!"

साहेबांनी चष्मा पुसला, चित्र उजेडाकडे धरलं, मान डोलावली. "बनवलेलं कसं असेल हो? सावली बघा ना, अगदी बरोबर पडलीये."

अहवाल स्वीकारला गेलाय. फोन बायकोकडेच आहे. तो बघायला अजून कुणीही आलेलं नाही.