घागरीतला चांद

ऐका. तो दिवा घालवा आधी. आणि कोपऱ्यात पान लावत बसलेल्या तुमच्या धाकट्या आत्याला चिडवू नका, गोष्ट तिचीच आहे.

चैत्रातली अवस. तुमचे आजोबा परगावी, अन् मला कळा लागल्या. दवाखाना घाटाखाली. माझा धाकटा भाऊ तातोबा गॅरेजात कामाला होता, त्याची जुनी पांढरी मोटार होती. मला मागं निजवलं अन् निघालो कुंभारखिंडीतनं. अंधारात त्या खिंडीत कुणी उतरत नव्हतं, पण पोट थांबतंय होय कुणासाठी?

पहिल्या वळणाला गाडी डावीकडं ओढायला लागली. जळका वास! तातोबा उतरला. उजव्या चाकाजवळ हात नेला, कोमट. डाव्याजवळ नेला अन् झटक्यानं मागं घेतला.

"अक्का, ब्रेक चिकटलाय. चाक सोडत नाय."

तेवढ्यात कठड्याशी एक बाई. हिरवं लुगडं, डोक्यावर घागर. आवाज कसा? झोपेत आई हाक मारते तसा.

"दादा, पाणी घाल की. निवंल."

अन् या शहाण्यानं घागर घेऊन ओतली! छस्स! वाफच वाफ. त्या वाफेत बाई विरघळली.

चाक सुटलं जरा. पण आता ब्रेक दाबला की त्याच्या पायाखाली थडथड, स्टेअरिंग लटलट, माझे दात कडकड.

"आतली डिस्क वाकली, अक्का."

"तापल्या तव्यावर गार पाणी घातलं की तवा वाकतो, एवढं कळंना तुला? मेकॅनिक म्हणं!"

हसू नका. कळांतसुद्धा माझं तोंड चालायचं.

दुसऱ्या वळणाला तीच बाई. सरळ खिडकीशी आली. "घसा सुकलाय तुझा. पी गं."

सुकलाच होता. मी हात पुढं केला. घागरीत बघितलं, तर आत चांद! पिवळा, गोल, हळूहळू हलणारा. काय गार वाटलं म्हणून सांगू! कळा थांबल्या. पोटातलं पोर थांबलं. सगळं निवांत...

मग आठवलं. आज अवस!

"तातोबा, पळव!"

पळवतो कुठला! थोडं पुढं गेलो अन् चाक पार जाम. त्यानं जॅक लावला. चाक फिरवलं, हलंना. मग पान्यानं ब्रेकच्या तेलाचा निपल जरासा उघडला. चिर्रर्र तेल उडालं, अन् चाक फिरलं की हो!

"ब्रेकच्या तेलाची नळी आतनं फुगलीय, अक्का. तेल जातंय, माघारी येत नाय. आता ब्रेकला पाय लावायचा नाय. एकदा जरी दाबला, तर चाक पुन्हा धरंल, अन् मग मी काय करू शकत नाय."

पहिल्या गियरवर, हँडब्रेकच्या भरवशावर, गोगलगायीसारखे उतरत होतो. शेवटचं वळण आलं. रस्त्याच्या मधोमध ती. कडेवर तान्हं. रडत होतं, अगदी खरं!

तातोबाचा पाय ब्रेककडं गेला.

"दाबू नको!"

"अक्का, लेकरू हाय!"

"तोंड बघ त्याचं!"

तोंडाच्या जागी चांद होता. पिवळा, गोल, हळूहळू हलणारा.

गाडी तिच्यातनं गेली. धक्का नाही, आवाज नाही. नुसतं अंगावरनं गार पाणी गेल्यासारखं. अन् पोटात कळ उठली. एवढी गोड कळ मला पुन्हा कधी आली नाही.

उजाडता ही तुमची आत्या झाली. पुढं तातोबाच्या उस्तादानं चाक उघडलं. नळी फुगलेली, डिस्क वाकडी. म्हणाला, "जुनी गाडी. दुसरं काय?"

असंल. पण चैत्रात कुंभारखिंडीत चिमणीला पुरंल एवढं पाणी नसतं. मग तिनं घागर कुठं भरली?

म्हणून सांगते, अंधारात ती वाट धरू नका, बाळांनो. अन् कुठंही, कुणी कितीही मायेनं पाणी पुढं केलं, तरी आधी वर बघा. आभाळात चांद आहे का बघा.