चालती लाँड्री विकणे आहे

...नाही, पण मी म्हणतो, जाहिरातीत खरं लिहायला यांचं काय जात होतं? 'चालती लाँड्री विकणे आहे' म्हणे! कोणाच्या जिवावर चालती, ते नको लिहायला? तुम्हाला सांगतो, चार महिने विकाऊ दुकान शोधत वणवण केली मी, आणि मागणं काय माझं? एवढंच, की डोक्यावर साहेब नको. बावीस वर्षं 'हो साहेब, हो साहेब' करून ही मान बघा, आता आपोआप हलते. म्हणून नोकरी सोडली. बायको म्हणाली, "करा काय ते, पण पुन्हा आपटलात तर मला सांगू नका." पुन्हा? आधी कधी आपटलो होतो मी?

बरं, दुकानं तरी कसली! एक फोटो स्टुडिओ बघितला, तर मालक म्हणतो, "सगळं तुमचंच, फक्त मागच्या खोलीत दुपारी आमचे सासरे झोपतात, तेवढं सांभाळून घ्या." म्हणजे कॅमेऱ्याबरोबर सासरे! मग सायकल दुरुस्तीचं दुकान. तिथे बरोबर आलेला माझा मेहुणा सगळ्यांसमोर विचारतो, "भावोजी, वाकलात तर परत उठाल ना?" कंबर माझी, काळजी याला!

आणि मग ही लाँड्री. स्वच्छ, कोपऱ्यावर, मालक पिकल्या केसांचे काका. मला म्हणाले, "एक शर्ट घडी करून दाखवा." दाखवला. त्यांनी तो उलगडला, स्वतः पुन्हा घडी घातली आणि म्हणाले, "जमेल हळूहळू." मला वाटलं, काय प्रेमळ माणूस! व्यवहार झाला, किल्ली हातात आली. डोक्यावर साहेब नाही, नुसता पंखा... स्वर्ग हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शिक्षिकाबाई कपडे न्यायला आल्या. मी म्हटलं, पावती? त्या म्हणाल्या, "कसली पावती?" अहो, चाळीस वर्षांत त्या दुकानात पावती फाडलेली नाही! तीनशे कपडे दांडीवर, ना नंबर ना नाव. सगळा हिशोब काकांच्या डोक्यात. माणूस दारात दिसला की हात बरोबर त्याच्या कपड्यावर. मी अंदाजाने बाईंना गठ्ठा दिला. निघाली पोलिसाची पँट! बाईंनी पँटकडे बघितलं, मग माझ्याकडे... जाऊ द्या.

धावत काकांच्या घरी गेलो. काका चपला घालून तयारच बसले होते!

तेव्हापासून रोज येतात. माझ्याच खुर्चीवर बसतात. "तिसरी दांडी, डावीकडून. अहो, डावीकडून! आज दहा मिनिटं उशीर झाला तुम्हाला." आणि मी? ही मान हलते हो... "हो काका." पावत्या सुरू करून बघितल्या, तर गिऱ्हाईक घाबरून विचारतं, "काका बरे आहेत ना?" डोक्यावर साहेब नको म्हणून जन्माची पुंजी घातली, आणि हा साहेब तर रविवारीही येतो!

बायको म्हणते, "स्पष्ट सांगा त्यांना, उद्यापासून येऊ नका." सांगणार ना! मालक आहे मी. आजच सांगणार होतो. पण आज आधी त्यांना 'जरा यांच्याकडे जाऊन येऊ का' असं विचारायचं होतं, आणि एका दिवसात दोन दोन गोष्टी कशा काढायच्या...

पाच वाजले? मग निघतो बुवा. तासाभराचीच सुट्टी दिलीय त्यांनी.