एनिडच्या उशाशी कोनाडा

—वीट पडणारच ना, पोरी. शंभर वर्षांचं धुराडं आहे, त्यातून काय फुलं पडणार? काल तो साफ करणारा येऊन गेला, ब्रश थेट छपरावरच्या नळकांड्यातून बाहेर काढून दाखवला त्यानं, मी स्वतः रस्त्यात उभा राहून पाहिलं. दोन बादल्या काजळी निघाली, डोमकावळ्यांचं अख्खं घरटं निघालं – आणि ही अर्धी वीट. टाक ती बादलीत, तिच्याकडे काय बघत बसलीस? चहा घे. तुझा तो गॅसहीटर बसव, नळी जोड, कागदावर सही कर, संपलं. शुक्रवारी माझी जॅनेट येतेय, नवऱ्याला सोडून, तीन महिन्यांची पोर घेऊन. वरच्या खोलीत झोपतील दोघी. त्याआधी घर उबदार झालं पाहिजे. अकरा वर्षं इथं काडी लागलेली नाही.

धुराची गोळी? चुलीत धूर करून तो कुठं गळतो ते बघायला? ती आणि कशाला? बरं, पेटव. पण सांगून ठेवतो, हे टॉडमॉर्डन आहे, गिरण्यांचं जुनं गाव, इथं अशी चारशे धुराडी आहेत आणि चारशे घरांत माणसं जगली, म्हातारी झाली. तुम्ही मुली परीक्षा देऊन येता आणि वास नसलेल्या विषारी वायूच्या गोष्टी सांगून आम्हाला आमच्याच घराची भीती घालता. माझे वडील या चुलीपुढे बसायचे, मी बसलो. रोज रात्री मी स्वतः विस्तव झाकायचो – ओली कोळशाची भुकटी, वरून चहाचा चोथा, बटाट्याची सालं – भगभग जळत नाही, नुसता धुमसत राहतो, सकाळी चिमट्यानं जरा उकरला की लाल. ऑक्टोबर ते एप्रिल आमच्या घरात विस्तव विझला नाही! गल्लीत विचार कुणालाही. एनिड, माझी बायको, शेजारणींना तोऱ्यात सांगायची.

गेली ना. अकरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. हृदय. डॉक्टरांनी लिहून दिलंय, हृदय. तिच्या गोळ्या चालूच होत्या.

वर जाऊन बघू म्हणतेस? वर काय बघायचंय – धूर वर जातो, छपरातून जातो, तू रस्त्यात जाऊन बघ. हो, धुराडं वरच्या खोलीच्या भिंतीतूनच जातं, कुठून जाणार मग? म्हणून तर ती भिंत गरम असायची. एनिडला थंडी फार. म्हणून मीच तिच्या उशाशी कोनाडा काढून दिला होता त्या भिंतीत, छिन्नी-हातोडा घेऊन, एका रविवारात. एक वीट आतल्या आत पडली, खाली चुलीपर्यंत धडधडत गेली – केवढी हसली होती ती! मी मागं पातळ फळी लावली, वर कागद चिकटवला, फुलाफुलांचा. त्यात तिच्या पोपटाचा पिंजरा ठेवला. मुठीएवढा पिवळा पोपट. डिसेंबरात मेला. दुसरा आणला, तो जानेवारीत. पक्षी मरतात, पोरी. थंडीनं मरतात.

– काय म्हणालीस? नाही, मी खाली झोपायचो, या खुर्चीत. खोकल्यामुळे. तिची झोप मोडायची.

डोकं दुखायचं तिचं, हो. उलट्या व्हायच्या सकाळी. तू डॉक्टर आहेस का? मोरकॅमला, समुद्रकाठी, बहिणीकडे आठ दिवस गेली की ठणठणीत, आणि घरी पाऊल टाकलं की पुन्हा कपाळाला फडकं. मी म्हटलं, बाई, तुला नवरा सोसत नाही. गंमत केली. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस गंमत करतो. गेली तेव्हा किती शांत दिसत होती – गाल गुलाबी, लग्नाच्या दिवशी होते तसे. सगळ्या बायका म्हणाल्या, झोपल्यासारखी दिसते.

कोनाडा नाही आता. बुजवला. मीच, आणखी कोण? विटा, सिमेंट, वरून नवा कागद. केव्हा म्हणजे... बुधवारी. सोमवारी ती गेली आणि गुरुवारी तिला पुरलं. लोक वर सामान बघायला जातील, बरं दिसत नाही, म्हणून. त्यात काय एवढं? हाताला काम हवं असतं अशा वेळी. आणि घाईत केलं म्हणून कच्चं केलं असं नाही.

कुठं निघालीस? थांब – माझे गुडघे – थांब म्हणतोय ना! ती जॅनेटची खोली आहे, पाळणा लावून ठेवलाय, हात लावू नकोस कशालाही!

ए मुली.

काय दिसतंय? काही नाही ना? बोल की. ए!

...आलीस. खोकतेस कशाला एवढी? पाणी पी. कुठून येतोय धूर? कागदाच्या कडेनं. किती? – थोडासा असेल. जुन्या घरात थोडासा येतोच.

खोली भरली, म्हणतेस.

बरं. मग नळी घाल आतून, पोलादी, घालतात ना लोक? भिंत उघडून? पंधरा दिवस? आणि ती जॅनेटच्या देखत फोडणार, आणि तिला सांगणार इथं काय होतं, कुणी बुजवलं, केव्हा बुजवलं? नाही. तिची आई हृदयानं गेली. कागद आहे माझ्याकडे.

लाव तुझी ती ‘पेटवू नका’ची लाल चिठ्ठी. लाव. चिठ्ठी फाडता येते. दुसरा माणूस बोलावीन, सगळेच काही तुझ्यासारखे जिने चढत नाहीत. माझ्याकडे असं बघू नकोस, माझी नात आहे ती, तुझी नाही. मला कळत नाही का? पाळणा मी दुसऱ्या भिंतीला लावीन. झालं? आता नीघ. दार ओढून घे, ऊब जाते.