गुड्डूभाऊच्या मेडिकलवरची चप्पल

मोबाइलवरून औषध मागवाचं नाव माह्यापुढं काढू नका! डॉक्टरनं आमच्या बाबांची बीपीची गोळी बदलली, मी ती ऑनलाइन मागवली, त बाबाच घाबरले. "गुड्डूले समजलं त कोणत्या तोंडानं जाऊ तिथं?" गुड्डूभाऊ म्हणजे सौंसरात आमच्या चौकातला मेडिकलवाला. बाबांचा रोजचा चहा त्याच्याच दुकानात.

"त्याले सांगते कोण?" मी म्हटलं.

कुरिअरवाल्याचा फोन नेमका बाबांनी उचलला. "काका, घर सापडून नाही राहिलं."

नागपूरच्या बसनं काही आलं की आम्ही सगळे जे सांगतो, तेच बाबा सवयीनं बोलून गेले, "गुड्डूच्या मेडिकलवर ठेवून दे."

झालं! आम्ही दोघं गेलो. गुड्डूभाऊनं डबा कानाशी हलवला. "काका, काय मागवलं?"

"चप्पल."

"खडखड करून राहिली."

"नवी आहे नं बे!"

डबा घेऊन निघालो. पायरीवरून बाबा परत फिरले. "गुड्डू, हे जेवणाच्या आधी घ्याचं का नंतर?"

गुड्डूभाऊ हसलासुद्धा नाही. "काका, जेवताना त चप्पल काढूनच ठेवा."