देशपांडेनं सोडलेला चहा

देव का मानत नाहीस, असं कुणी विचारलं की आता माझं डोकंच फिरतं. चिकलठाण्याच्या कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर देशपांडे होता. त्याला कारण पाहिजे म्हणजे पाहिजेच.

"घरात कुणी अवेळी गेलं का?"

"नाय रे."

"मग नवस फळला नसेल."

"केलाच नाय कधी."

"अरे, असं उगाच कुणी नास्तिक होतं का?"

"विचार केला, पटलं नाय, सोडून दिलं. झालं!"

हे कारण त्याला कारणच वाटेना. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यानं सगळ्यांपुढं जाहीर केलं, "मी देवीला नवस बोललोय. हा देव मानेपर्यंत मी चहा सोडला."

चहा त्यानं सोडला आणि भोगलं मी! त्याचं डोकं दुखायचं, तो सगळ्यांवर खेकसायचा, आणि सगळे माझ्याकडं रागानं बघायचे. त्याच्या बायकोचा फोन आला, "भाऊजी, हात जोडते, माना हो देव!" पाच वक्त नमाज पढणारे आमचे शफीकभाईसुद्धा म्हणाले, "मान ले ना यार, एक कप चाय का तो सवाल है."

शेवटी वैतागून मी भरलेला कप त्याच्यापुढं आदळला. "आहे बाबा देव! पी आता!"

त्यानं डोळे मिटून कप रिकामा केला, बशीत सांडलेलाही प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बघ, फळला का नाही नवस? आता तरी बसला का विश्वास?"